विश्लेषण : एक्स-रेमधला काळा भाग टीबीचाच असतो का? फुप्फुसातील ‘बुला’ आणि ‘सिस्ट’ कसे ओळखतात?

पंचवीस-तीस वर्षे विडी ओढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला रात्री अचानक छातीत कळ येते, धाप लागते. घरचे त्याला तालुक्याच्या रुग्णालयात आणतात. एक्स-रे काढला जातो. उजव्या बाजूचा वरचा निम्मा भाग काळाभोर, तिथे फुप्फुसाची नेहमीची जाळी दिसतच नाही. आता डॉक्टरांपुढे दोन शक्यता असतात. फुप्फुसाच्या बाहेर हवा साठून ते दबले असेल तर छातीत नळी घालून ती हवा काढावी लागते, कधी कधी तर मिनिटांचाही उशीर चालत नाही. पण तो काळा भाग म्हणजे फुप्फुसातच वर्षानुवर्षे फुगत गेलेला हवेचा फुगा असेल, तर तीच नळी त्या फुग्यात शिरते आणि तोपर्यंत नसलेले संकट उभे राहते. एक्स-रेवर ही दोन्ही चित्रे इतकी सारखी दिसतात, की अनुभवी डॉक्टरही फसू शकतात.

या फुग्याला वैद्यकीय भाषेत ‘बुला’ म्हणतात. लॅटिनमधला हा शब्द, अर्थ बुडबुडा. त्याचीच चुलत भावंडे म्हणजे ‘ब्लेब’ आणि ‘सिस्ट’. सीटी स्कॅनच्या अहवालात हे शब्द दिसले की रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवर शोधाशोध करतात आणि थेट कर्करोगापर्यंत जाऊन पोहोचतात. प्रत्यक्षात यातल्या काही गोष्टी निरुपद्रवी असतात, काहींवर औषध आहे, काहींना शस्त्रक्रिया लागते. कोणती कुठली हे ठरवणे हाच या आजारातला खरा कस.

बुला, ब्लेब, सिस्ट, कॅव्हिटी : फरक काय?

चारही ठिकाणी फुप्फुसात हवेची पोकळी असते. फरक आकाराचा, भिंतीच्या जाडीचा आणि आजूबाजूच्या फुप्फुसाचा. एक सेंटीमीटरपेक्षा मोठी, एक मिलिमीटरहून पातळ भिंतीची पोकळी म्हणजे बुला. तिच्याभोवतीचे फुप्फुस बहुतेक वेळा आधीच विरलेले असते. फुप्फुसाच्या आवरणालगतचा, एक सेंटीमीटरपर्यंतचा लहान बुडबुडा म्हणजे ब्लेब. गोलसर, रेखीव कडेची, सहसा दोन मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीची पोकळी म्हणजे सिस्ट. तिच्याभोवतीचे फुप्फुस अनेकदा चांगले असते. आणि जाड, ओबडधोबड भिंतीची पोकळी म्हणजे कॅव्हिटी. ती टीबीत होते, फुप्फुसातल्या गळवात होते, कधी कर्करोगातही होते.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ हा आनुवंशिक आजार याहून वेगळा आहे. त्याच्या नावातली सिस्ट स्वादुपिंडातली आहे, फुप्फुसातली नाही. अहवालात ‘सिस्टिक लंग डिसीज’ लिहिले असेल तर सिस्टिक फायब्रोसिसची माहिती वाचत बसू नये.

काळा भाग म्हणजे टीबीच, असे का वाटते?

कारण आपल्याकडे ते बऱ्याचदा खरे असते. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. खोकला, वजनात घट आणि फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, एवढे दिसले की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार टीबीचा येतो आणि तो यायलाही हवा. अडचण होते ती पुढच्या पायरीवर. बेडक्याची तपासणी न करता निव्वळ एक्स-रेवरून सहा महिन्यांची औषधे सुरू झाली, तर बुला असलेल्या माणसाला त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग होत नाही. यकृतावर भार पडतो, घरात आणि गावात ‘टीबीवाला’ असा शिक्का बसतो आणि खरा आजार तसाच राहतो.

आता ही सबब फारशी उरलेली नाही. बेडक्यातील जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे सरकारी क्षयरोग कार्यक्रमात वापरली जातात. यातले ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. एखाद-दोन तासांत जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतात का, हे कळते.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. बरा झालेला टीबी मागे आक्रसलेले, चट्टे पडलेले फुप्फुस सोडून जातो आणि त्यातही बुला तयार होतात. म्हणजे वीस वर्षांपूर्वी टीबी झालेल्या माणसाला आज दिसणारी पोकळी ही जुन्या आजाराची खूण असू शकते. तिच्यासाठी पुन्हा टीबीची औषधे सुरू करण्याआधी जंतू सापडतात का हे पाहायलाच हवे. अशा जुन्या पोकळीत कधी बुरशीचा गोळा वाढतो आणि खोकल्यातून रक्त पडते. ते मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नसते.

छातीत नळी घालायची की नाही, हे कसे ठरते?

फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरणे म्हणजे न्यूमोथोरॅक्स. ही हवा फुप्फुसाला आत ढकलते, म्हणून एक्स-रेवर दबलेल्या फुप्फुसाची बारीक रेषा दिसते आणि ती रेषा साधारणपणे छातीच्या भिंतीला समांतर जाते. मोठ्या बुलाची कड उलट्या बाजूने वळलेली, वाटीसारखी दिसते. पुस्तकात हा फरक सोपा वाटतो. रात्री दोन वाजता, झोपवून काढलेल्या अस्पष्ट एक्स-रेवर तो तितका सोपा नसतो. सोनोग्राफीही इथे दगा देऊ शकते. न्यूमोथोरॅक्समध्ये फुप्फुसाची श्वासाबरोबर होणारी सरकती हालचाल दिसत नाही, पण मोठ्या बुलाच्या जागीही ती न दिसण्याची शक्यता असते.

म्हणून रुग्णाचा रक्तदाब आणि ऑक्सिजन टिकून असेल तर नळी घालण्याआधी सीटी स्कॅन करून घेणे शहाणपणाचे. रुग्ण काळानिळा पडत असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर मात्र कोणताही डॉक्टर स्कॅनची वाट पाहत बसणार नाही आणि त्याने तसे बसूही नये.

या गोंधळात सर्वांत स्वस्त मदत कोणाची होते? जुन्या एक्स-रेची. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच काळा भाग त्याच जागी, तेवढाच असेल, तर तो काल रात्री साठलेल्या हवेचा असण्याची शक्यता खूपच कमी होते. पण आपल्याकडे जुन्या फिल्म घर बदलताना रद्दीत जातात किंवा मुलांच्या ग्रहण पाहण्याच्या कामी येतात (तेही डोळ्यांसाठी धोक्याचेच). व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवर फार भिस्त ठेवू नये, कारण त्यात पातळ भिंती पुसल्या जातात. सीटी केंद्राकडून अहवालाच्या कागदाबरोबर मूळ प्रतिमांची सीडी किंवा लिंक मागून घ्यावी.

बुला कोणाला होतात?

विडी-सिगारेट हे सर्वांत मोठे कारण. धुरामुळे फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती झिजतात, शेजारचे कोश एकमेकांत मिसळतात आणि लहान खोल्यांच्या चाळीचा एकच मोठा रिकामा हॉल होतो. या हॉलमध्ये हवा असते, पण रक्तवाहिन्या नसल्याने ती श्वसनाच्या कामाची नसते. उलट हा फुगा शेजारचे चांगले फुप्फुस दाबून टाकतो. छातीच्या एका बाजूचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक जागा व्यापणाऱ्या बुलाला ‘महाकाय’ म्हणतात. १९३७ मध्ये बर्क या डॉक्टरांनी अशा रुग्णाचे वर्णन करताना ‘नाहीसे होणारे फुप्फुस’ असा शब्दप्रयोग केला होता. तो आजही वापरात आहे. हे रुग्ण बहुधा तरुण, धूम्रपान करणारे पुरुष असतात. गांजा ओढणाऱ्या तरुणांमध्येही असे मोठे बुला आढळल्याच्या नोंदी आहेत.

धूर केवळ विडीचाच असतो असे नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातल्या लेखात, कधीही धूम्रपान न केलेल्यांना होणाऱ्या सीओपीडीकडे लक्ष वेधले होते. चुलीचा धूर हे त्यातले मोठे कारण. त्यामुळे ‘मी तर सुपारीचं खांडही खात नाही’ असे सांगणाऱ्या आजीबाईंच्या फुप्फुसाची अवस्थाही वाईट असू शकते. डॉक्टरांनी विडीबरोबरच चुलीबद्दलही विचारले पाहिजे. याशिवाय उंच, सडपातळ तरुणांच्या फुप्फुसाच्या टोकाशी ब्लेब असतात. ते कोणतीही सूचना न देता फुटतात आणि धडधाकट मुलाला न्यूमोथोरॅक्स होतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरता हेही एक कारण आहे. आपल्याकडे ती विरळ, पण चाळिशीच्या आतच फुप्फुसाचा खालचा भाग विरलेला दिसला तर रक्ताची ही चाचणी करण्यात अर्थ असतो.

विडी-चुलीशी संबंध नसलेल्या तरुणीला सिस्ट कशा?

इथे ‘लॅम’ या आजाराची गोष्ट सांगायलाच हवी. लिम्फॅन्जिओलियोमायोमॅटोसिस असे त्याचे लांबलचक नाव. तो दुर्मीळ आहे आणि जवळजवळ केवळ स्त्रियांनाच, तेही बहुधा पाळी चालू असण्याच्या वयात होतो. जिना चढताना धाप लागते. घरातल्यांना वाटते अशक्तपणा आहे. डॉक्टर दम्याचा पंप देतात. पंपाने फार फरक पडत नाही, म्हणून डॉक्टर बदलला जातो, पंप बदलला जातो. साधा एक्स-रे सुरुवातीला ठीक दिसू शकतो. अशी काही वर्षे निघून जातात आणि एके दिवशी फुप्फुस फुटून हवा बाहेर येते, तेव्हा सीटी स्कॅन होतो. त्यात दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत सारख्या पसरलेल्या गोल, पातळ भिंतीच्या सिस्ट दिसतात.

अशा रुग्णाच्या पोटाचीही तपासणी करतात, कारण अनेकींच्या मूत्रपिंडात अँजिओमायोलिपोमा नावाची चरबीयुक्त गाठ सापडते. रक्तात व्हीईजीएफ-डी या घटकाचे प्रमाण प्रतिमिलिलिटर ८०० पिकोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल आणि सीटीचे चित्र जुळत असेल, तर फुप्फुसाचा तुकडा काढून तपासण्याची गरज सहसा राहत नाही.

या आजाराला लवकर गाठण्यासाठी मोठे कारण आहे : त्यावर औषध आहे. सिरोलिमस हे त्याचे नाव. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरून १९६४ मध्ये नेलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सहगल यांनी त्यावर आयुष्य वेचले. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर ते वापरले जाते. लॅमच्या ८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध चालू असलेल्या वर्षभरात फुप्फुसांची क्षमता टिकून राहिली, औषध थांबवल्यावर ती पुन्हा घसरू लागली. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१५ मध्ये या आजारासाठी त्याला मंजुरी दिली. हे औषध गेलेले फुप्फुस परत आणत नाही, उरलेले राखते. निदानाला उशीर म्हणजे काय गमावणे, ते यावरून कळावे. तोंडात फोड येणे, कोलेस्टेरॉल वाढणे, जंतुसंसर्ग असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे रक्ततपासण्या करत राहून ते घ्यावे लागते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या या रुग्णांनी टाळायच्या असतात आणि गरोदरपणाचा निर्णय तज्ज्ञांशी बोलून घ्यायचा असतो.

सिस्टच्या जागेवरून आजार कळतो?

बऱ्याच अंशी. लॅममध्ये सिस्ट सगळीकडे सारख्या. धूम्रपान करणाऱ्या तरुणांना होणाऱ्या लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिसमध्ये त्या वेड्यावाकड्या आकाराच्या, बहुतेक वरच्या आणि मधल्या भागात असतात, तळाचे कोपरे मोकळे राहतात. या आजारात नुसती सिगारेट सोडल्याने अनेकांचे फुप्फुस सुधारते. इतका थेट फायदा फार थोड्या आजारांत मिळतो. डोळे-तोंड कोरडे पडणाऱ्या शोग्रेन आजारातही सिस्ट होतात, म्हणून धाप लागणाऱ्या रुग्णाला डोळ्यांबद्दल विचारलेला प्रश्न विषयांतर वाटला तरी तो तसा नसतो.

बर्ट-हॉग-ड्युबे हा आनुवंशिक आजार मात्र सहज निसटतो. कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी १९७७ मध्ये त्याचे वर्णन केले. सिस्ट फुप्फुसाच्या खालच्या भागात असतात, नाका-गालांवर त्वचेच्याच रंगाचे बारीक पुटकुळीसारखे दाणे असतात आणि घरात आणखी कोणाचे तरी फुप्फुस फुटलेले असते. आई किंवा वडिलांकडून तो मुलात जाण्याची शक्यता ५० टक्के. निदान करायचे ते फुप्फुसापेक्षा मूत्रपिंडासाठी, कारण या रुग्णांना मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो आणि ठरावीक काळाने तपासणी केली तर गाठ लहान असतानाच सापडते. ‘काकांनाही असंच झालं होतं’ हे वाक्य डॉक्टरांसमोर न चुकता उच्चारावे, ते यासाठी.

चाळिशी-पन्नाशीनंतर निरोगी माणसातही एखाद-दुसरी सिस्ट सापडते. तिच्यामुळे झोप उडवून घेण्याचे कारण नाही. न्यूमोनियानंतर लहान मुलांच्या फुप्फुसात दिसणारे हवेचे फुगेही बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप विरतात. पाण्याने भरलेली सिस्ट ही वेगळी गोष्ट. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातून होणाऱ्या हायडॅटिड आजारात ती दिसते आणि तिच्यात घाईने सुई घातली तर जिवावर बेतणारी अॅलर्जी येऊ शकते.

पुढच्या तपासण्या कोणत्या?

बारीक थरांचा सीटी स्कॅन हा पाया. त्यानंतर फुप्फुसांची क्षमता मोजतात. नेहमीच्या फुंकण्याच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, बुलात अडकून पडलेली हवा कळत नाही, कारण ती बाहेर येतच नाही. त्यासाठी काचेच्या पेटीत बसवून छातीतली एकूण हवा मोजणारी चाचणी असते. रक्तात वायू किती शिरतो हे सांगणारी डीएलसीओ चाचणी शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना महत्त्वाची ठरते. नुकताच न्यूमोथोरॅक्स झालेला असेल तर जोरात फुंकण्याच्या या चाचण्या पुढे ढकलतात. सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो ही साधी चाचणीही पुष्कळ काही सांगते.

शस्त्रक्रिया कधी?

बुला आहे म्हणून तो कापलाच पाहिजे असे नाही. त्रास नसेल तर धूम्रपान बंद, फ्लू आणि न्यूमोकॉकल लस, गरजेप्रमाणे इन्हेलर, श्वसनाचे व्यायाम आणि अधूनमधून तपासणी एवढे पुरते. बुलाची भिंत एका जागी जाड होत असेल किंवा आत गाठ दिसत असेल तर कर्करोग नाही ना, हे पाहावे लागते.

शस्त्रक्रियेचा खरा फायदा होतो तो एका विशिष्ट रुग्णाला. मोठा बुला, धाप लागते आणि खाली दबलेले फुप्फुस अजून चांगले आहे. बुला काढला की ते फुलते आणि माणूस पुन्हा चालू-फिरू लागतो. दुर्बिणीतून, स्टेपलरने ही शस्त्रक्रिया करता येते. नंतर काही दिवस हवा गळत राहणे हा नेहमीचा त्रास, नळी लांबली म्हणून घाबरू नये. पण सगळेच फुप्फुस सारखे विरलेले असेल तर फायदा थोडा आणि धोका फार. फुप्फुसाचा विरलेला भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेवरील अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, अतिशय कमी क्षमतेच्या अशा काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू जास्त असल्याचे २००१ मध्ये दिसून आले होते. त्यामुळे ‘कापून टाका एकदाचं’ म्हणणाऱ्या नातेवाईकांना एखाद्या सर्जनने नाही म्हटले, तर तो काम टाळतो आहे असे समजू नये.

ज्यांना मोठी भूल झेपणार नाही, त्यांच्यासाठी एक जुना मार्ग आहे आणि गंमत म्हणजे तो नळीचाच आहे. इटलीतल्या मोनाल्डी यांनी १९३८ मध्ये टीबीच्या पोकळीत नळी घालण्याची पद्धत मांडली. पुढे लंडनच्या ब्रॉम्टन रुग्णालयात ती बुलासाठी वापरली गेली. बुलात चुकून शिरलेली नळी आणि ठरवून, पूर्ण तयारीनिशी घातलेली नळी यांत हा एवढा फरक.

न्यूमोथोरॅक्स पुन्हा पुन्हा होत असेल तर फुप्फुसाचे आवरण छातीला चिकटवतात, त्याला प्लुरोडेसिस म्हणतात. सामान्यतः दुसऱ्या वेळेपर्यंत थांबण्याची पद्धत आहे. लॅममध्ये फुप्फुस पुन्हा फुटण्याची शक्यता इतकी जास्त, की पहिल्याच वेळी हा पर्याय सुचवला जातो.

विमान, भूल आणि तारकर्ली

प्रवासी विमानात हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीइतका असू शकतो. तिथे बंदिस्त हवा सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावते. बुला असलेले पुष्कळ जण विनासायास विमानप्रवास करतात, तरीही मोठा बुला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. न्यूमोथोरॅक्स झालेल्याने एक्स-रेमध्ये तो पूर्ण भरून आल्याचे दिसल्यानंतर किमान सात दिवस थांबावे, असे ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी सांगते.

हर्नियाची असो की आणखी कशाची, कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना बुलाबद्दल आधीच सांगावे. यंत्राने दाब देऊन दिलेला श्वास बुला फोडू शकतो आणि नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू बुलात शिरून तो फुगवतो. अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये असावा, शुद्ध हरपली तरी बरोबरच्या माणसाला दाखवता येईल असा.

स्कूबा डायव्हिंग मात्र नाहीच. तारकर्ली-मालवणला सहलीला गेलेल्यांना ते खेळासारखे वाटते. पण पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. चांगल्या फुप्फुसातून ती श्वासाबरोबर निघून जाते, बुलात ती अडकते. शस्त्रक्रियेने बुला काढला असला तरी तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. होडीवर चढण्यापूर्वी आरोग्याचा अर्ज समोर आला, की सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहून मोकळे होण्याची आपली सवय असते. त्यात फुप्फुसाच्या आजाराचा रकाना असेल, तर तिथे खरे ते लिहावे आणि पैसे परत मागून काठावर बसावे.